ए साईडचं तिसरं

आमच्या घाडीबुवांना आमटी आवडली, तर ते "छान झाली" म्हणत नाहीत. "ए साईडचं तिसरं!" म्हणतात. आमटी बेताची असेल तर "बी साईडचं चौथं", आणि मीठच राहून गेलं असेल तर "कॅसेट उलटी लागली." आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझी बायको हे ऐकून पदार्थांकडे संशयाने बघायला लागली होती. आता तीच मला ताट वाढताना विचारते, "आज भाजी कितवी?"

ही मोजदाद स्वीडनमधून आली आहे.

दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत, सात नंबरच्या इमारतीत, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बुवा बरोबर माझ्या खाली दुसऱ्या मजल्यावर. दत्ताराम घाडी हे त्यांचं नाव, पण भजनात पेटीवर बसणाऱ्या मुख्य गायकाला बुवा म्हणतात, म्हणून ते जगाचे घाडीबुवा. गाव तळकोकणातलं आडवण. वडील गिरणीत होते, हे मात्र अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, कॅसेट भरण्याच्या कारखान्यात चेकर. भरून झालेल्या प्रत्येक ढिगाऱ्यातली एक कॅसेट काढायची, कानाला हेडफोन लावायचे आणि दोन्ही बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या. कुठे आवाज चिरकला, कुठे फीत ओढली गेली, की कागदावर टिक करायची. कीर्तनं, लावण्या, नाताळची गाणी, योगासनांच्या सूचना, सगळं त्यांच्या कानांतून गेलं. पण बाजारात सगळ्यात जास्त मागणी होती ती स्वीडनच्या एका चौघांच्या ग्रुपला. त्यामुळे रोज सकाळी नऊपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत बुवा स्वीडनमध्ये असायचे.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आजही येत नाही. चेकरच्या कागदावर गाण्यांची नावं नसायची, नुसती बाजू आणि नंबर. म्हणून बुवांच्या लेखी त्या गाण्यांना तीच नावं पडली. 'ए साईडचं तिसरं' हे त्यांच्या मते जगातलं सर्वोत्तम गाणं आहे.

मी क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. हे ऐकल्याबरोबर बुवांनी मला "प्रोफेसर" करून टाकलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. ओळख झाली तेव्हा मी मोठ्या मनाने म्हणालो, "बुवा, त्या गाण्यांचा अर्थ सांगू का तुम्हाला?" त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"नको रे बाबा! अर्थ कळलो की गाणा संपता."

तीस वर्षं इंग्रजी कवितांचे अर्थ सांगून पोट भरणाऱ्या माणसाला हे ऐकवणं बरं नव्हतं. पण क्लासमधल्या मुलांचे चेहरे आठवले, तर बुवांचं चुकत होतं असंही म्हणता येईना.

या गाण्यांचं बुवांनी काय केलं, ते स्वीडनला कळलं नाही हे बरं. त्यांनी त्या चाली भजनात घातल्या. भजनात गजर असतो, देवाचं नाव घेत लय वाढवत नेतात तो. बुवांनी एक गजर थेट ए साईडच्या तिसऱ्यावर बसवला. आडवणच्या देवळात तो म्हटल्यावर समोरच्या पार्टीचे बुवा थक्क झाले आणि त्यांनी विचारलं, ही चाल कुठची? बुवा म्हणाले, "आमच्या वाडीची. पारंपरिक." पुढच्या वर्षी ती चाल त्या बुवांच्या तोंडी होती आणि त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या तीन गावांत. आता तिकडची म्हातारी माणसं शपथेवर सांगतात, की आमचा आजा हा गजर म्हणायचा. मीच एकदा तिथे गेलो असताना उत्साहाने सांगायला लागलो, की ही मूळची स्वीडनची चाल आहे. तर एका आजोबांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि विचारलं, "तेंका कोणी शिकवल्यान?"

कारखाना बंद पडला, कॅसेटी गेल्या. बुवांचं स्वीडन कानातच राहिलं. आणि मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेने त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि त्यावर त्या ग्रुपचे व्हिडिओ लावून दिले. सकाळी साडेसातला माझी बेल वाजली. दारात बुवा, हातात फोन, चेहरा फसवल्या गेलेल्या माणसाचा.

"प्रोफेसर, वीस तरी बायलमाणसा असतली असा वाटायचा माका. ही तर दोनच!"

मी पाहिलं. पडद्यावर दोन बायका चमचमीत कपड्यांत गात होत्या, मागे दोन दाढीवाले. एकूण चार.

"चारच आहेत ते, बुवा. पहिल्यापासून."

"मग बाकीची खंय गेली?"

हा माझा क्षण होता. मी त्यांना बसायला सांगितलं, चहा टाकतो म्हणून आत गेलो, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या इंटरनेटवर सगळं वाचून काढलं आणि बाहेर येऊन ते जन्मापासून ठाऊक असल्याच्या थाटात सांगितलं. त्या दोघी एकदा गायच्या. मग ते ऐकत ऐकत त्यावरच पुन्हा गायच्या. मग पुन्हा. एकावर एक असे थर चढवायचे. दर वेळी आवाज किंचित वेगळा लागतो, म्हणून ऐकताना घोळका वाटतो.

बुवांनी तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. चहा निवला.

"म्हणजे माणसा नसली तरी चलता?" त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नात काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी "अगदी!" म्हणालो आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

त्यानंतर बुवांनी व्हिडिओंचा अभ्यास सुरू केला. चेकरच्या सवयीने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत आणि दोष काढत. कपडे त्यांना पसंत नव्हते, "लायटिंगची माळ अंगाक गुंडाळल्यासारखी." त्या लोकांच्या हातात कधी कधी माईकच नसतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं. "नुसती तोंडा हलवतत. गाणा आधीच करून ठेवलेला हा." मात्र एक गोष्ट त्यांना फार आवडली. त्या दोघींचे चेहरे अगदी जवळ, पण एक समोर बघते आणि दुसरी बाजूला. मला ती कॅमेऱ्याची हौस वाटली होती. बुवा म्हणाले, "तसा नाय. एक गाता, आणि दुसरी बघता बाजूवाली आसा की उठान गेली."

आता त्या "माणसा नसली तरी"बद्दल सांगायला हवं. आडवणवाडी प्रासादिक भजन मंडळात एके काळी पंधरा माणसं बसायची. बुवांनी ओळ म्हटली, की मागच्यांनी ती उचलायची, असा भजनाचा नियम. मी इथे राहायला आलो तेव्हा उचलणारे आठ होते. मग कुणी मुलाकडे बदलापूरला गेला, कुणी गावी परतला, कुणी गेलाच. आता पेटीवर बुवा, पखवाजावर रिक्षा चालवणारा शंकर आणि झांजेवर मी. मला मंडळात घेतलं ते आवाजासाठी नव्हे. मी वरच्या मजल्यावर राहतो आणि नाही म्हणू शकत नाही, या दोन गुणांवर माझी निवड झाली. गाताना बुवा मला एकच सूचना देतात, "प्रोफेसर, मनातल्या मनात."

वसाहतीच्या गणपतीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ वर्षानुवर्षं आमच्या मंडळाची. गेल्या वर्षी, गणपतीला पंधरा दिवस असताना वसाहतीचे सेक्रेटरी बुवांकडे आले, मी तिथेच होतो. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या हातात नेहमी यादी असते.

"बुवा, वाईट वाटून घेऊ नका. तीन माणसांचं भजन मांडवात दिसतच नाही. निदान दहा-बारा आवाज तरी पाहिजेत ना. नाहीतर झुंबा ग्रुपच्या लेडीज विचारतायत. एकदा वेळ दिली की मग दरवर्षी त्यांचीच."

"आवाज होये ना? देतंय," बुवा म्हणाले.

सेक्रेटरी गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "प्रोफेसर, तुझो लॅपटॉप काढ. स्वीडन करूया."

आणि आम्ही स्वीडन केलं. माझ्या बेडरूममध्ये, पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या. आधी शंकरने पखवाज वाजवून दिला आणि तो रिक्षा घेऊन गेला. मग बुवा कानाला हेडफोन लावून मागच्यांच्या ओळी गायला लागले. स्वतःच्या ओळींसाठी मधे मोकळी जागा सोडायची, त्या ते मांडवात प्रत्यक्ष गाणार होते. एकदा गायले. मग त्यावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. दर वेळी सुरू करायच्या आधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. तीन दिवसांत बारा थर झाले.

पण माझ्या लक्षात एक गोष्ट येत होती आणि ती सांगायला जीभ रेटत नव्हती. बुवा थकले होते. एका थरात ते ओळीआधी भसकन श्वास घ्यायचे. एकात चक्क नाकातून गायले. एकात सगळी ओळ संपली तरी यांचं शेवटचं अक्षर आपलं चालूच. आणि बाराव्या थरात तर दर वेळी अर्धी मात्रा उशिरा. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर टिक केली, त्याची ही गत बघून मला भरून आलं. मी ठरवलं, त्यांना न दुखावता गुपचूप दुरुस्त करायचं.

रविवारभर मी लॅपटॉपला चिकटून बसलो. श्वास कापले, नाकातला आवाज गोल केला, लांबलेली अक्षरं छाटली, उशिराचे सगळे ओढून तालावर आणले. माझ्या लॅपटॉपवर जागा कमी पडते, म्हणून मूळचे बाराही आवाज पुसून टाकले आणि पुसलेलं पुन्हा येऊ नये म्हणून तेही कायमचं साफ केलं. आमच्या घरात स्वच्छतेचं खातं माझ्याकडे आहे. बायको दोनदा म्हणाली, "त्यांना विचारून कर रे." मी म्हणालो, "सरप्राईज आहे."

संध्याकाळी बुवांना बोलावून त्यांच्या कानाला हेडफोन लावले. बारा आवाज एकदम उठत होते, एकदम बसत होते. मी शाबासकीच्या तयारीत उभा.

बुवांनी पूर्ण ऐकलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"ह्ये कोण?"

"तुम्हीच की."

"माणसा खंय गेली रे?" ते माझ्याकडे नाही, लॅपटॉपकडे बघून विचारत होते. "म्हादू खंय गेलो? म्हादू ओळीआधी श्वास घेयचो, सगळ्यांका आयकाक येयचो. सोमो नाकात गायचो. तातू शेवटचा अक्षर सोडूक बघायचो नाय, बाकीचे पानी पिऊक लागले तरी तेचा चालूच. आणि माझो बाबल्यो... उशिरा उचलायचो. चाळीस वर्सां माझ्या बाजूक बसान उशिरा उचलल्यान." मग हळूच म्हणाले, "तू सगळ्यांका इस्त्री मारलंस, प्रोफेसर."

तेव्हा कळलं, की ते पुटपुटणं देवाचं नव्हतं. ते एकेकाला नावाने हाक मारून बोलावत होते आणि मग त्याच्या खोडीसकट त्याचा आवाज गात होते. आणि मी सबंध मंडळ एका रविवारी पुसून टाकलं होतं.

"त्यांची जुनी एखादी कॅसेट असेल ना?" मी विचारलं. मला कुठेतरी पळून जायचं होतं.

बुवा हसले. "हजारो कॅसेटी तपासलंय. पण एक कोरी घेवन मंडळाची भरूक होयी, ह्या सुचलाच नाय. रोज तर गाय होते मेले."

ते जिना उतरून गेले. दोन दिवस खालून पेटीचा आवाज आला नाही. आठ वर्षं मी त्या पेटीबद्दल कुरकुर केली होती, कपाळावर बाम चोळत बसलो होतो. ते दोन दिवस मी जमिनीला कान लावायचा तेवढा बाकी ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो आणि दारातच म्हणालो, "बुवा, मी गाढव आहे."

"ता माका ठावक आसा," बुवा म्हणाले. "पण तुका कसा ठावक असतला? मीच सांगाक नाय. आयुष्यभराची सवय, चूक दिसली की टिक. तुझ्या जागी मी असतंय तर मीय पुसलंय असतंय. चल. परवा गणपती."

त्या एका दिवसात आम्ही पुन्हा सगळं केलं. या वेळी बुवा नावं मोठ्याने घ्यायचे. "आता सोमो." "आता तातू, ह्यो बघ किती लांबवता तो." मी माऊसला हातसुद्धा लावला नाही, टॉवेल टाकून झाकून ठेवला. अकरा झाले आणि बुवांचा घसा बसला. सूर लागेना. राहिला होता फक्त बाबल्या.

त्यांनी खडीसाखर तोंडात टाकली. मग म्हणाले, "बाबल्याचा तू गा."

मी चमकलो. मंडळात आल्यापासून मला कुणी मोठ्याने गायला सांगितलं नव्हतं. "उशिरा गाऊ ना? अर्धी मात्रा?"

"नाय नाय. तू नीट तालात गा. अगदी तालात. जीव लावन."

मी जीव लावून गायलो. हेडफोन घट्ट धरले, पायाने ठेका धरला, डोळे लॅपटॉपवरच्या पखवाजाच्या रेषेवर. इतका काटेकोर तालात मी आयुष्यात कधी गायलो नव्हतो. बुवा डोळे मिटून ऐकत होते आणि मान डोलवत होते. मला वाटलं, आज आपण यांना जिंकलं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजता मांडवात सतरंजी अंथरलेली, तीवर आम्ही तिघं. सेक्रेटरींनी यादी बघितली, मग आम्हाला मोजलं.

"बुवा, तीनच?"

"बाकीचे आत हत." बुवांनी स्पीकरकडे बोट दाखवलं.

मला सूचना होती, की व्हिडिओतली ती चौघं हलवतात तसं नुसतं तोंड हलवायचं. "आवाज काढू नको, प्रोफेसर, हात जोडतंय." शंकरने एका कानात वायर घातली होती, ताल तिथून येत होता. बुवांनी बसलेल्या घशानेच ए साईडच्या तिसऱ्याची पहिली ओळ टाकली, आणि स्पीकरमधून ती उचलली गेली. भसकन श्वास, नाकातला सूर, लांबत गेलेलं अक्षर. सगळे आले. मांडवातल्या खुर्च्यांवरची गप्पाटप्पा थांबली. झुंबा ग्रुपच्या दोघी टाळ्या वाजवायला लागल्या. मी तोंड हलवत होतो आणि बुवा पेटी वाजवता वाजवता मधेच मान वळवून डाव्या बाजूला बघत होते, सतरंजीवरच्या रिकाम्या जागेकडे.

आरतीनंतर सेक्रेटरी येऊन म्हणाले, "पाच ते सहा तुमचीच, बुवा. कायमची." आणि यादीत तसं लिहिलंसुद्धा.

आम्ही वायरी गुंडाळत होतो तेव्हा नऊ नंबरच्या इमारतीतल्या शेवंतीकाकू आल्या. बाबल्याला जाऊन तीन वर्षं झाली, ह्या त्याची बायको. भजनाला त्या हल्ली मागच्या खुर्चीत बसतात. पदराने तोंड पुसत त्या बुवांसमोर उभ्या राहिल्या.

"बुवांनू, ह्यांचा अजून तसाच," त्या म्हणाल्या. "उशिराच येतत."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बुवांनी पेटीआडून माझ्या पायावर पाय ठेवला, चांगला दाबून.

"उशिरा तर उशिरा, वयनी," ते म्हणाले. "येतत ना."

"परत एकदा लावशात?"

बुवांनी मला खूण केली. मी लावलं. काकू सतरंजीवर बसल्या, बुवांच्या डाव्या हाताला, ती रिकामी जागा मधे सोडून. बुवा समोर गणपतीकडे बघत होते आणि काकू बाजूला. ओळ आली, अकरा जणांनी उचलली, आणि त्यांच्या मागून अर्धी मात्रा उशिरा, जीव लावून, मी आलो. काकूंच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्यांनी मान हलवली, आपल्या माणसाला इतक्या वर्षांत सुधारता आलं नाही म्हणून हलवतात तशी.

मी जन्मभर तालात यायची धडपड केली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, जमलं नाही ते बरं झालं.